पाऊसपाणी आणि पाखरांची प्रकृती : प्रस्तावना

कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीतर्फे प्रसिद्ध केली. पुढे तीनच वर्षांनी, १८३५ मध्ये, त्याचाच दख्खनच्या हवामानावरचा दीर्घ निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून तो या मुलखात हिंडत होता. पिके, लोकसंख्या, वायुभार, पाऊस, मासे, पाखरे असे सारे तो टिपत होता. आपल्या कोरड्या माळावरच्या एका चंडोलाला आजही साइक्सचे नाव आहे. पण त्याचे हे दोन निबंध पुढे वेगवेगळ्या कपाटांत गेले. यादी पक्षिशास्त्रज्ञांनी वाचली, हवामानाचे आकडे हवामानशास्त्रज्ञांनी वाचले. ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख मला इथे करून द्यायची आहे, त्याचे काम म्हणजे ही दोन टिपणे शेजारी ठेवून वाचणे.

ऊन, थंडी, पाऊस, वारा आणि गारा यांचा रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या प्रकृतीवर कसा परिणाम होतो, हा या क्षेत्राचा मुख्य प्रश्न आहे. प्रथम ऐकताना तो सोपा वाटतो. पाखरे थंडीत गारठणार, उन्हात होरपळणार, त्यात शोधण्यासारखे ते काय? पण हवामानाने पक्ष्याला थेट मारल्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा ते आडवाटेने येते. पावसाने ओढ दिली की पानांवरच्या अळ्या कमी होतात. अळ्या कमी झाल्या की पिलांचे वजन भरत नाही. वजन न भरलेले पिल्लू घरट्यातून उडते खरे, पण पुढच्या महिनाभरात टिकत नाही. त्या पिलाचे कलेवर कोणाला सापडलेच, तरी ते पावसाअभावी मेले असे कोणी म्हणणार नाही. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये अशा तीन-चार कड्या असतात. त्या एकेक करून ओळखणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल.

जिल्ह्याचा नकाशा समोर धरा. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि सुरगाण्याचे डोंगर. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे निघालो की नाशिक शहरापर्यंत तो सातशेच्या आसपास येतो आणि येवला-मालेगावकडे पाचशेच्या घरात. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. उन्हाळ्यात मालेगावचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. हिवाळ्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. बुलबुल, चिरक, शिंपी, सूर्यपक्षी या जाती या साऱ्या पट्ट्यात राहतात. म्हणजे पक्षी तोच आणि हवामान वेगळे, अशी तुलना करण्याची सोय निसर्गाने एकाच जिल्ह्यात करून ठेवली आहे. त्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूरमध्यमेश्वर आहे, ज्याला जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. दिंडोरी तालुक्यातले बोरगड आहे, जिथला डोंगर लोकसहभागातून पुन्हा हिरवा झाला आणि ज्याला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आणि येवल्याकडे ममदापूरचा काळविटांचा माळ आहे, जो चंडोल आणि तिरचिमण्यांचेही घर आहे.

गाणारे पक्षी म्हणजे नेमके कोण, हे आधी स्पष्ट करायला हवे. जगातल्या दहा हजारांहून अधिक पक्षिजातींपैकी निम्म्याहून जास्त जाती फांदीवर पकड घेणाऱ्या पायांच्या एका मोठ्या गणात मोडतात. त्यातल्या ज्या शाखेत स्वरयंत्राचे स्नायू विशेष विकसित झालेले असतात आणि पिल्ले मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात, ती गाणाऱ्या पक्ष्यांची शाखा. दयाळ, बुलबुल, चंडोल, सुगरण, शिंपी, वटवट्या, हळद्या, कोतवाल, सातभाई, साळुंखी, चिमणी हे सगळे याच कुळातले. कावळाही याच कुळातला आहे आणि कोकिळ नाही, हे ऐकून नवख्या वाचकाला नवल वाटेल. इथे वर्गीकरणाचा आधार शरीररचना हा आहे, आवाजाची गोडी हा नाही. या पक्ष्यांमध्ये बहुतेक लहान चणीचे आहेत. सूर्यपक्ष्याचे वजन दहा ग्रॅमच्याही आत असते, सुगरणीचे पंचवीसेक ग्रॅम. या लहान आकारातच त्यांच्या हवामानाशी असलेल्या नात्याचे मूळ आहे. शरीर जितके लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. त्यामुळे उष्णता झपाट्याने जाते, झपाट्याने येते, आणि अंगातले पाणीही लवकर आटते.

प्रकृती या शब्दाची व्याप्तीही ठरवून घेऊ. पक्षी जिवंत आहे की मेला, एवढ्यावर हा अभ्यास थांबत नाही. वजन किती, छातीच्या हाडाभोवती आणि गळ्याखाली चरबी किती, पिसे कोणत्या अवस्थेत आहेत, रक्तात परजीवी आहेत का, ताणाच्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकाची पातळी काय, आणि शेवटी त्या जोडप्याची किती पिल्ले उडाली, या सगळ्यांतून प्रकृतीचे चित्र उभे राहते. गाणे हेही त्याचे एक लक्षण आहे. पहाटे उपाशीपोटी तासभर गाणे हे खर्चिक काम असते. ज्या नराची रात्र कशीबशी निभली, तो कमी गातो. म्हणून पहाटेच्या गाण्याची नोंद करणारा निरीक्षक नकळत पक्ष्याच्या तब्येतीचीही नोंद करत असतो.

आता उन्हापासून सुरुवात करू. या पक्ष्यांच्या शरीराचे तापमान ४१-४२ अंश असते आणि त्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. हवा तापली की ते चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून दूर धरतात, सावलीत गप्प बसतात. धाप लागलेली असताना भक्ष्य शोधणे आणि पकडणे अवघड होते. सातभाईंच्या एका आफ्रिकी नातलगावर, काळ्या-पांढऱ्या रंगाच्या आणि थव्याने राहणाऱ्या पक्ष्यावर, कालाहारीच्या वाळवंटात झालेले संशोधन इथे फार बोलके आहे. संशोधकांनी या पक्ष्यांना सकाळ-संध्याकाळ तराजूवर येऊन बसायची सवय लावली. दिवसाचे कमाल तापमान साधारण ३५.५ अंशांच्या वर गेले की दिवसभर खाऊनही रात्रीची झीज भरून निघत नाही, असे त्यांना आढळले. पक्षी मरत नव्हते, पळत नव्हते, दिसायला ठीक होते. फक्त रोज थोडे थोडे झिजत होते. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत असे दिवस सलग येतात. आपले सातभाई याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढले आहेत, तेव्हा त्यांचा उंबरठा किती अंशांवर आहे, आणि मालेगावच्या सातभाईंचा व त्र्यंबकच्या सातभाईंचा एकच आहे का, हे प्रश्न एखाद्या तरुण अभ्यासकाला अनेक वर्षे पुरतील.

उन्हाचा दुसरा घाव घरट्यावर पडतो. अंड्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर फार वेळ राहिले तर आतला जीव वाचत नाही. उघड्या माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या चंडोलाच्या मादीला म्हणून दुपारी अंडी उबवण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरण्याचेच काम करावे लागते. ती तहानेने किंवा माणसांच्या वर्दळीने उठली, तर थोड्या वेळातही नुकसान होऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंच या मुनियांच्या नातलगाबद्दल २०१६ मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. हवा तापलेली असताना आई-बाप अंड्यांपाशी एक विशिष्ट आवाज काढतात, आणि तो अंड्यातूनच ऐकलेल्या पिलांची वाढ उष्ण हवेला साजेशी होते. एवढी तयारी असलेल्या या पक्ष्याचीही मर्यादा मात्र जानेवारी २००९ मध्ये दिसली. पश्चिम ऑस्ट्रेलियात ४५ अंशांच्या पलीकडच्या उष्णतेत झेब्रा फिंच आणि बजरीगर हजारोंनी मरून पडले. जुळवून घेण्याची शक्ती आणि तिची सीमा, दोन्ही मोजायला हव्यात.

थंडीचे गणित वेगळे असते. डिसेंबरात नाशिकची रात्र तेरा तासांची असते. तेवढा वेळ लहान पक्ष्याला दिवसा साठवलेल्या चरबीवर काढावा लागतो. एका रात्रीत त्याच्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग खर्ची पडू शकतो. पिसे फुलवून तो अंगाभोवती हवेचा थर धरतो, चोच पाठीत खुपसतो, मुनिया एकमेकींना चिकटून बसतात. दाणे टिपणाऱ्यांना पहाटे उठल्यावर दाणे मिळतात. किडे खाणाऱ्यांना मात्र किडे हलू लागेपर्यंत थांबावे लागते. म्हणून निफाडच्या एखाद्या कडाक्याच्या सकाळी मुनिया आणि वटवट्या यांची स्थिती सारखी नसते. थंडी किती, यापेक्षा ती सलग किती दिवस टिकली आणि त्या दिवसांत धुके-ढग होते का, हे जास्त महत्त्वाचे ठरते. एका रात्रीची तूट दुसऱ्या दिवशी भरून येते. चार रात्रींची तूट भरायला दिवस अपुरा पडतो.

गारपीट हा या विषयातला सर्वांत उघड आणि सर्वांत दुःखद भाग. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपले. पिके गेली, जनावरे दगावली आणि झाडांखाली पाखरांचे खच पडले. वन्यजीवांच्या या मृत्यूंची नोंद अभ्यासकांनी त्याच वर्षी शोधनिबंधाच्या रूपाने केली, ही मोलाची गोष्ट झाली. पुढे २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसाने आणि गारांनी निफाड परिसरातल्या द्राक्षबागा झोपवल्या, तेव्हा बागांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. पाखरांचा पंचनामा कोणी करत नाही. गारेचा मार थेट असतो, पण त्यानंतर येणारा भिजलेपणाही तितकाच घातक. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावून पक्षी ती जपतो. साधा पाऊस त्यामुळे निथळून जातो. वारा आणि गारा यांनी पिसांची घडी विसकटली की पाणी कातडीपर्यंत पोहोचते, हवेचा थर नाहीसा होतो, आणि त्यातच रात्र थंड निघाली तर जखम न झालेला पक्षीही सकाळ पाहत नाही. गारपिटीनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्याच झाडांखाली पाहणी करायला हवी, ती यासाठी.

पावसाचा आणि विणीचा संबंध हा या क्षेत्रातला सर्वांत समृद्ध विषय आहे. युरोपात वसंत ऋतूचे जे स्थान, ते आपल्याकडे मृगाचे. बुलबुल आणि दयाळ उन्हाळ्यातच घरटी करू लागतात, पण सुगरण, वटवट्या, मुनिया, चंडोल यांची घाई पाऊस पडला की सुरू होते. यातल्या सुगरणीचा अभ्यास महाराष्ट्रातच पायाशुद्ध झाला. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर दिवसच्या दिवस लक्ष ठेवले. नर अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन ते पाहतात, पसंत पडले तर मादी ते ताब्यात घेते आणि मग नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी उलगडून दाखवला. हा सगळा संसार हवामानावर टांगलेला आहे. विणायला हिरवी, लांब, चिवट पाती हवीत, ती पावसाशिवाय वाढत नाहीत. घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला असतात, कारण नैर्ऋत्येचा वारा पलीकडून येतो. मोठी सुगरण दाणे खाते, पण पिलांना सुरुवातीला किडे आणि नाकतोडेच भरवते, आणि तेही पावसानंतरच माजतात. मृगात चांगला बरसून आर्द्रा-पुनर्वसूत पावसाने पाठ फिरवली, तर घरटी विणून तयार आणि पिलांना खाऊ नाही, अशी गत होते. वार्षिक सरासरी त्या वर्षीही गाठली जाईल. सरासरीच्या आकड्यात तो खंड दिसणार नाही. म्हणून या अभ्यासात मिलिमीटरांइतक्याच पावसाच्या तारखा मोलाच्या असतात.

घाटमाथ्यावर प्रश्न उलट आहे. त्र्यंबक-इगतपुरीच्या ओहोळांकाठी शीळ घालणारा कस्तूर ऐन पावसात गातो आणि धबधब्यांच्या कपारींत घरटे करतो. तिथे पावसाचा खंड ही अडचण नसते. दिवसेंदिवस न थांबणारी झड ही अडचण असते. अशा झडीत आई-बापांना भक्ष्य शोधायला उसंत मिळत नाही आणि पिल्ले उघडी टाकून जाताही येत नाही. म्हणजे एकाच जुलै महिन्यात जिल्ह्याच्या एका टोकाला पाऊस नाही म्हणून पिल्ले उपाशी, तर दुसऱ्या टोकाला पाऊस थांबत नाही म्हणून. पाऊस चांगला की वाईट, असा प्रश्न या विषयात विचारता येत नाही. कोणासाठी, कुठे आणि कोणत्या आठवड्यात, हे जोडूनच तो विचारावा लागतो.

पावसाबरोबर रोग येतात, आणि इथे आपल्या देशाचा या विद्येशी असलेला एक जुना, अभिमानाचा धागा हाती लागतो. हिवतापाचा परजीवी डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पूर्णपणे सिद्ध केले ते पाखरांच्या हिवतापावर काम करून. आजारी पाखरांचे रक्त प्यालेले डास निरोगी चिमण्यांना चावू दिले आणि त्या चिमण्या आजारी पडल्या. रॉस यांच्या १९०२ च्या नोबेल पारितोषिकामागे आपल्या अंगणातल्या चिमण्या आहेत. हा परजीवी डासाच्या पोटात किती वेगाने वाढतो, हे हवेच्या तापमानावर ठरते. साधारण तेरा अंशांखाली त्याची वाढ थांबते. हवाई बेटांवर याचा भीषण प्रत्यय आला. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून तिथे डास पोहोचले, आणि या रोगाची सवय नसलेले गाणारे पक्षी सखल भागातून नाहीसे होत गेले. उरलेल्यांनी थंड डोंगरमाथ्यांचा आसरा घेतला. आता हवा तापत चालली तसे डासही वर चढत आहेत. २०२३ मध्ये तिथल्या आठ पक्षिजाती नामशेष झाल्याचे अमेरिकी सरकारने अधिकृतपणे जाहीर केले.

आपल्या पक्ष्यांनी डासांबरोबर हजारो पिढ्या काढल्या आहेत, तेव्हा हवाईची कथा जशीच्या तशी इथे लागू होत नाही. पण तिच्यातून नाशिकसाठी एक सुंदर प्रश्न निघतो. जी थंडी निफाडच्या पाखरांची चरबी खाते, तीच थंडी रात्रीपुरती डासांतल्या परजीवीचीही वाढ रोखते. हिवाळ्याच्या रात्री उबदार होत गेल्या, तर पाखरांचा एक खर्च वाचेल आणि दुसरा धोका वाढेल. या दोहोंची बेरीज-वजाबाकी कशी होते? असे प्रश्न सोडवायला रक्ताचे नमुने लागतात, त्यासाठी पक्षी जाळ्यात धरून, मोजून, पायात वळे घालून सोडावा लागतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना वळी घालायला सुरुवात केली, तेव्हा त्यामागेही रोगांचाच विचार होता. दोन वर्षे आधी कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला होता, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून असे विषाणू देशोदेशी जातात का, हे शोधायचे होते. पक्ष्यांच्या आरोग्याचा अभ्यास माणसांच्या आरोग्यापासून कधीच फार दूर नव्हता.

आता मी त्या कडीकडे येतो, जी नाशिकमध्ये सर्वांत ठळक आहे आणि पाश्चात्त्य ग्रंथांत फारशी भेटत नाही. ती म्हणजे हवामानाला माणूस जे उत्तर देतो, ते. गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस पडला की डाऊनी या बुरशीरोगाची भीती उभी राहते, ढगाळ दमट हवेत भुरीची. शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न पणाला लागलेले असते, म्हणून फवारण्यांची संख्या वाढते. बुरशीनाशकांसोबत किडींची औषधेही पडतात. त्याच बागेच्या मांडवात बुलबुल घरटे करतो, बांधावर शिंपी आणि सूर्यपक्षी किडे व कोळी वेचतात. म्हणजे पावसाने पाखराला हातही लावलेला नसतो. तो शेतकऱ्याच्या काळजीतून, पंपातून आणि किड्यांच्या घटीतून त्याच्यापर्यंत पोहोचतो. यात शेतकऱ्याला आरोपी करण्यात अर्थ नाही. फवारणीची तारीख तो ज्या वहीत लिहितो, तीच वही या अभ्यासाचा अमूल्य दस्तऐवज आहे. बागायतदार, हवामानाचा अंदाज देणारे आणि पक्षिनिरीक्षक एका टेबलाभोवती बसले, तर तिघांच्याही हिताचे काहीतरी निघेल असा मला विश्वास वाटतो.

हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांमुळे या विषयाची हद्द जिल्ह्याबाहेर, देशाबाहेर जाते. भोरड्यांचे थवे मध्य आशियातून येतात. काळा थिरथिरा हिमालयापलीकडून येऊन आपल्या वाड्यांच्या पडक्या भिंतींवर शेपटी थरथरवत बसतो. धोबी आणि वटवटे नांदूरमध्यमेश्वरच्या काठाने पसरतात. जमैकात हिवाळा काढणाऱ्या अमेरिकन रेडस्टार्ट या लहान पक्ष्यावर झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने असे दाखवले, की ज्यांना हिवाळ्यात ओलाव्याची, किड्यांनी भरलेली जागा मिळते ते धष्टपुष्ट राहून लवकर निघतात. कोरड्या झुडपांत राहिलेले अशक्त होतात आणि उशिरा निघतात. हजारो किलोमीटरवरच्या त्यांच्या विणीवरही याचा परिणाम होतो. त्याच न्यायाने, निफाडच्या पाणथळीत फेब्रुवारीत किती किडे होते, याचा पडसाद मे महिन्यात हिमालयातल्या एखाद्या घरट्यात उमटत असेल. आपल्या काठावरची सावली आणि ओल जपणे म्हणजे दूरच्या, आपण कधी न पाहणाऱ्या पिलांना जपणे आहे.

या क्षेत्राकडे येणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती आधीच एक शिदोरी आहे. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर, किती उंचावर बांधले यावरून पावसाचा अंदाज करणारे शेतकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पावशाची हाक ऐकून पेरणीची तयारी करणारे आहेत, चातक दिसला की आभाळाकडे पाहणारे आहेत. या समजुतींतल्या कोणत्या खऱ्या आणि कोणत्या नाहीत, हे नोंदी ठेवूनच कळेल. पण ऋतू आणि पाखरू यांना एकत्र पाहण्याची सवय ही आपली कमाई आहे. मारुती चितमपल्ली यांनी जंगलातल्या माणसांचे असे ज्ञान आदराने टिपले आणि मराठीत पक्ष्यांविषयी लिहिण्याची एक वाट रुळवली. चिमणीकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या जागतिक चिमणी दिनाचे मूळही नाशिकमध्येच आहे. इथल्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी तो प्रथम साजरा झाला.

आता गरज आहे ती दीर्घकाळच्या नोंदींची. ऑक्सफर्डजवळच्या विटहॅमच्या रानात १९४७ पासून एका छोट्या पक्ष्याची, ग्रेट टिटची, घरटी दरवर्षी न चुकता पाहिली जात आहेत. म्हणूनच वसंत लवकर येऊ लागला तशी त्याची अंडी घालण्याची तारीख दोनेक आठवड्यांनी अलीकडे सरकली, हे आज ठामपणे सांगता येते. आपल्याकडेही सामग्री जमू लागली आहे. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या सद्यस्थितीच्या अहवालामागे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत आणि त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. हवामानाच्या बाजूने पाहिले तर महावेध प्रकल्पामुळे राज्यात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत. एका बाजूला मंडळनिहाय पाऊस, दुसऱ्या बाजूला गावनिहाय पाखरे. साइक्सला हे सारे एकट्याने करावे लागले होते. आपण ते हजारो जणांनी मिळून करू शकतो.

नव्या अभ्यासकाला काही सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. वादळानंतर मेलेला प्रत्येक पक्षी वादळाने मेलेला नसतो. आजाराने किंवा विषाने आधीच अशक्त झालेला पक्षी वादळात प्रथम पडतो. पक्षी दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. कडक उन्हात तो गप्प बसतो आणि आपली नोंद रिकामी राहते. एका वर्षाच्या अनुभवावरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढू नये. आजचे ऊन हे हवामानाचे एक पान आहे, बदल समजायला तीसेक वर्षांची पाने लागतात. आणि मेलेल्यांची मोजदाद करताना त्या भागात जिवंत किती होते हे माहीत नसेल, तर आकडा कितीही मोठा असला तरी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

सुरुवात मात्र कोणीही, कुठूनही करू शकतो. एक जागा निवडा, घराजवळची परसबाग चालेल. एक-दोन जाती निवडा. दिवस, वेळ, तापमान, शेवटचा पाऊस कधी पडला, हे आधी लिहा आणि मग पक्षी काय करतो ते लिहा. चोच उघडी आहे का, पंख अंगापासून दूर आहेत का, भर दुपारी पिसे फुलवून बसला आहे का, डोळ्याभोवती सूज किंवा पायांवर गाठी दिसतात का, पहाटे किती वाजता गायला लागला. घरट्यापासून अंतर राखा, अंड्या-पिलांना हात लावू नका. जाळे लावणे, वळे घालणे, नमुने घेणे ही कामे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीनेच आणि प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवीत. एके ठिकाणी बरेच पक्षी मेलेले आढळले तर उघड्या हाताने उचलू नका, वनखात्याला कळवा. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे जरूर ठेवा, पण उथळ, सावलीत, मांजराच्या आवाक्याबाहेर, आणि रोज घासून ताजे पाणी भरा. तेच पाणी आठवडाभर राहिले तर त्याच भांड्यातून रोग पसरतात आणि त्यात डासही वाढतात. दयेने ठेवलेले भांडे रोगाचे घर होऊ नये, एवढी दक्षता अभ्यासकाने घ्यायलाच हवी.

या क्षेत्राला प्रयोगशाळा हव्यात, निधी हवा, नाशिकच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र काम करायला हवे. पण त्याआधी हवीत ती माणसे, जी एका जागी वर्षानुवर्षे टिकून पाहतील. इगतपुरीतल्या शिक्षिकेने, पिंपळगावच्या बागायतदाराने आणि येवल्याच्या माळावरच्या मेंढपाळाने एकाच मृगाच्या नोंदी आपापल्या वहीत लिहिल्या आणि त्या एकत्र आल्या, तर कुठे पिल्ले उपाशी राहिली आणि का, हे त्याच वर्षी सांगता येईल. एकदा ते सांगता आले की बांधावरचे गवत केव्हा कापावे, फवारणी कोणत्या आठवड्यात टाळावी, कोणती झाडे कोणत्याही परिस्थितीत तोडू नयेत, हे पुराव्यानिशी ठरवता येईल. पाखरांची प्रकृती सांभाळणे आपल्या हातात आहे ते इतक्या साध्या निर्णयांमधून. त्या निर्णयांना आधार देणाऱ्या नोंदी येत्या मृगापासून सुरू व्हाव्यात, आणि त्यात तुमचीही वही असावी, हे माझे मनापासूनचे निमंत्रण आहे.